संत्र्याची रात्रीत होणारी गळ: आधी धुऱ्यावरच्या वेली पाहा

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर पट्ट्यात आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्याची) फळं रंगावर येऊ लागली की सकाळी झाडाखाली गळ दिसते. पडलेलं ताजं फळ उचलून हलकेच दाबा. सालीला टाचणी टोचल्यासारखं भोक असेल आणि त्यातून रसाची चिळकांडी उडाली, तर हे काम रस शोषणाऱ्या पतंगाचं. फळ कापूनही पाहा. आत अळ्या वळवळत असतील तर ती फळमाशी. तिचा उपाय वेगळा.

हा पतंग पंख पसरले की ८ ते १० सें.मी. भरतो. पुढचे पंख वाळल्या पानासारखे, त्यामुळे दिवसा पाचोळ्यात शोधून सापडत नाही. मागचे नारिंगी, त्यांवर काळे डाग. सोंडेचं टोक कडक आणि काटेरी, थेट साल भेदणारं. तो रस पिऊन उडून जातो, खरं नुकसान त्यानंतर होतं. भोकातून बुरशी आणि जिवाणू शिरतात, भोवती तपकिरी डाग पसरतो, फळ सडून गळतं.

झाडांवर फवारे मारून तो हटत नाही, कारण त्याची अळी संत्र्यावर वाढतच नाही. ती वाढते गुळवेल आणि वासनवेलीवर. पावसाळ्यात या वेलींची पानं उलटून पाहा: अंगावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली, कमान करून चालणारी गडद अळी दिसेल. धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या), कुंपणावरच्या, नाल्याकाठच्या वेली मुळासकट काढा. काढ्यासाठी गुळवेल हवीच असेल तर घरच्या अंगणात ठेवा, बागेलगत नको. शेजाऱ्यालाही सोबत घ्या, पतंग त्याच्या धुऱ्यावरूनही येतो.

गळलेली फळं रोज वेचून खोल खड्ड्यात पुरा. त्यांच्या वासावर आणखी पतंग येतात. दिवेलागणीनंतर बागेत ओल्या पाचोळ्याचा धूर करा. जेवण उरकून बॅटरी घेऊन एक चक्कर मारा. उजेडात पतंगाचे डोळे चमकतात, जाळीने पकडून मारता येतो. मोजकी झाडं असतील तर फळांना कागदी पिशव्या बांधणं सगळ्यात खात्रीचं, पण मोठ्या बागेत मजुरी परवडत नाही.

आमिषासाठी २ लिटर पाण्यात २०० ग्रॅम गूळ, गळलेल्या फळांचा थोडा रस आणि २० मि.लि. मॅलॅथिऑन ५० टक्के हे कीटकनाशक मिसळा. औषध आणताना सध्याची शिफारस कृषी सहायकाकडून तपासून घ्या. रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून, लेकरं आणि जनावरं पोहोचणार नाहीत अशा उंचीवर टांगा.