मंडळीत बोलताना या चुका टाळा

ख्रिस्ती विश्वासी माणसं एकमेकांना शिव्या सहसा देत नाहीत. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कडू बोलणं येतं ते प्रार्थनेच्या विनंतीतून, साक्षीतून, पुढे पाठवलेल्या वचनातून. म्हणूनच ते पटकन ओळखू येत नाही, आणि बोलणाऱ्याला तर आपण देवाचंच काम करतोय असं वाटत असतं. म्हापसा, फोंडा, वास्को अशा ठिकाणच्या छोट्या मराठी संगतीत हे जास्त बोचतं. जेमतेम वीस-पंचवीस माणसं, त्यांतला प्रत्येक जण कुणाचा तरी शेजारी, नातेवाईक किंवा एकाच कारखान्यातला सोबती. रविवारी उपासनेत दुखावलेला माणूस सोमवारी त्याच बसस्टॉपवर उभा असतो.

खालच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. गोष्ट जितक्या कानांची होती, त्याहून जास्त कानांसमोर ती बोलली गेली.

प्रार्थनेच्या नावाखाली बातमी

“ताईंच्या घरासाठी प्रार्थना करा, नवरा परत प्यायला लागलाय.” सांगणाऱ्याची कळकळ खरी असते. पण संध्याकाळपर्यंत गोष्ट वाड्यावर पोचते आणि पुढच्या रविवारी ताईंची खुर्ची रिकामी असते.

ज्याची अडचण आहे त्याला आधी विचारा: “हे मंडळीत सांगू का? नाव घेऊ का?” होकार आला तरी गरज सांगा, कारण सांगू नका. “एका घराला शांतीची गरज आहे” एवढं प्रार्थनेला पुरतं. कुणी “कोण, कोण?” म्हणून मागे लागलं तर “त्यांनी नाव सांगायला परवानगी दिलेली नाही” असं सरळ म्हणा. रोगाचं नाव, लग्नाची बोलणी आणि कर्जाचा आकडा या गोष्टी न विचारता कधीच बाहेर काढू नका. आणि गरज भागली की विनंती संपली हेही त्याच लोकांना सांगा. नाहीतर वर्षभराने कुणीतरी भर बाजारात “आता कसं आहे घरचं?” असं विचारतं.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे प्रार्थनेतून मारलेला टोमणा. “प्रभू, तुझ्या घरी उशिरा येणाऱ्यांना जागं कर.” ज्याला उद्देशून हे चाललंय त्याचे डोळे मिटलेले असतात, त्याला उत्तरही देता येत नाही आणि उठूनही जाता येत नाही. म्हणून तोंडावर बोललेल्या कडक शब्दापेक्षा हे खोल लागतं. हेच वाक्य दार लावून एकट्याने म्हटलं असतं का, हे स्वतःला विचारा. नसेल, तर ते देवाशी बोलणं नव्हतं.

समज देण्याचा क्रम उलटा होतो

मत्तय १८:१५-१७ (आधी दोघांतच बोला, मग एक-दोन जणांना घेऊन जा, शेवटी मंडळीपुढे) बहुतेकांना पाठ असतं, पण व्यवहारात सुरुवात शेवटच्या पायरीपासून होते. आधी पाळकांच्या किंवा पाद्रींच्या कानावर घालायचं, मग दोन मैत्रिणींना सांगायचं, आणि सगळं शिजल्यावर त्या माणसाला. तोवर त्याच्यापाशी बातमी दुसऱ्याच तोंडून पोचलेली असते. आता तो चूक ऐकायच्या मनःस्थितीत नसतो; आपल्याबद्दल कोण कोण काय बोललं, एवढंच तो मोजत बसतो.

पहिली पायरी दोघांपुरती. राग ताजा असताना जाऊ नका, पण आठवडाही उलटू देऊ नका. एक-दोन दिवस योग्य. उपासना संपल्यावर दारात, चपला घालताना, लोक आजूबाजूला असताना गाठणं ही हमखास फसणारी वेळ. त्यांच्या घरी जा किंवा बाहेर चहाला बोलवा. पुरुष आणि बाई असा प्रसंग असेल तर दिसेल अशा उघड्या जागी, व्हरांड्यात बसा.

बोलताना एकच घटना घ्या. “तू नेहमीच असं करतोस” म्हटलं की समोरचा “नेहमी” खोडायला दहा उदाहरणं काढतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. “दादा, मागच्या रविवारी हिशेब वाचताना तुम्ही माझं नाव घेऊन हसलात. मला ते लागलं. तुमच्या मनात काय होतं?” घटना, परिणाम, प्रश्न. मग गप्प राहा आणि त्यांचं पूर्ण होऊ द्या. याकोब १:१९ ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमे व्हायला सांगतं, ते याच क्षणासाठी. निम्म्या वेळा इथेच कळतं की ऐकण्यात चूक झाली होती.

वय बघून बोला. १ तीमथ्य ५:१-२ मध्ये म्हाताऱ्याला वडिलांसारखं, तरुणांना भावांसारखं, वडील स्त्रियांना आईसारखं आणि तरुण स्त्रियांना बहिणीसारखं समजवायला सांगितलंय. साठीच्या काकांना पंचविशीतल्या मुलाने “तुमचं चुकलं” म्हणण्याऐवजी “काका, मला एक समजावून सांगाल का?” म्हटलं तर तीच गोष्ट त्यांना पचते.

ऐकलं नाही तरच एक-दोन जणांना बरोबर घ्या. हे दोघे तुमचे मेहुणे किंवा तुमच्याच बाजूचे असतील तर ती साक्ष नव्हे, टोळी होते. दोन्ही बाजूंचा ज्यांच्यावर भरवसा आहे, अशांनाच न्या आणि आधी पूर्ण कहाणी सांगून त्यांचं मत बनवू नका. मंडळीपुढे जाणं त्यानंतर.

शिकवणीत चूक दिसली तरी रस्ता हाच. अपुल्लो नावाचा उपदेशक सभास्थानात बोलत होता आणि त्याचं ज्ञान अपुरं होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भर सभेत टोकलं नाही, आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये १८:२६).

दुःखाच्या घरी वचन

मयताच्या घरी “देव सगळं भल्यासाठीच करतो” हे रोमकरांस ८:२८ चं वचन त्या दिवशी सांत्वन करत नाही. रडणं थांबवा असा हुकूम वाटतो. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ नुसते बसले, तेव्हा ते बरोबर होते. तोंड उघडून कारणं सांगायला लागले आणि बिघडलं. पहिल्या भेटीत मृताचं नाव घ्या, त्याच्याबद्दलची एखादी खरी आठवण सांगा, जेवणाचा डबा कुणी आणायचा ते ठरवा. सातव्या दिवसाच्या किंवा महिन्याच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) जरूर जा, कारण तोवर गर्दी ओसरलेली असते. “विश्वास कमी पडला म्हणून बरे झाले नाहीत” हे वाक्य तर कुठल्याच दिवशी, कुणाच्याच घरी नको.

एकाच घरात कॅथलिक आणि बिलिव्हर

गोव्यात ही अडचण घरोघरी आहे. भाऊ कॅथलिक चर्चला जातो, बहीण बिलिव्हर लोकांच्या प्रार्थनागृहात. एक दुसऱ्याला “मूर्तिपूजक” म्हणतो, दुसरा “धर्म बुडवला” म्हणतो, आणि नाताळचं जेवणही वेगवेगळं होतं. मतभेद खरे आहेत, ते लपवायची गरज नाही. पण लेबल लावलं की समोरच्याला स्वतःची बाजू सांगायची संधीच उरत नाही. “तुम्ही जपमाळ म्हणता तेव्हा मनात काय असतं?” असा प्रश्न खरोखर ऐकण्यासाठी विचारा, आणि तुमची पाळी आली की “आम्ही असं करत नाही, त्याचं कारण हे” एवढंच सांगा.

वाड्यावरच्या खुर्सापुढे (क्रुसापुढे) लदाईन, म्हणजे गाऊन केलेली सामूहिक प्रार्थना, असेल आणि तुमच्या विवेकाला त्यात गाणं पटत नसेल तर मागे शांत उभे राहा. नंतर वाटलेले उकडलेले चणे मात्र नाकारू नका. तो शेजाऱ्याचा हात असतो. उलट बाजूनेही तेच: फेणी न घेणाऱ्याला “एवढं काय सोवळं” म्हणून आग्रह करू नका, कोकम सरबताचा पेला काही न बोलता पुढे करा. रोमकरांस १४ वा अध्याय खाण्यापिण्यावरून आणि दिवस पाळण्यावरून भावाला तुच्छ लेखू नये, दोषी ठरवू नये, हेच सांगतो.

भाषेवरून चिडवणंही इथलंच. मराठीत प्रार्थना करणाऱ्याला “तुम्ही बाहेरचे” आणि रोमी कोंकणीत वाचणाऱ्याला “ही कसली लिपी” म्हणणं, दोन्ही अन्यायाचं. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत रचलं, ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. कोंकणीचं व्याकरणही त्याच माणसाने लिहिलं. दोन्ही भाषांना या मातीतल्या चर्चमध्ये चारशे वर्षांची जागा आहे.

ग्रुपवरचा मेसेज आणि अर्धी माफी

ग्रुपवर कुणाची चूक दुरुस्त करू नका, अगदी वचनाचा संदर्भ चुकीचा असला तरी. खासगीत लिहा: “संदर्भ एकदा बघाल का?” म्हणजे ते स्वतःच बदलतील. रात्री लिहिलेला रागाचा मजकूर पाठवू नका. सकाळी वाचून बघा आणि तरीही बोलायचं असेल तर फोन करा. स्टेटसवर नेमकं वचन ठेवून एखाद्याला सुचवणं हा भित्रा मार्ग आहे, आणि ज्याच्यासाठी ठेवलं तो सोडून बाकी चौघांना ते आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं.

चूक आपली असेल तर “तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी” म्हणू नका. त्यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. काय केलं ते नाव घेऊन सांगा, ते चुकलं म्हणा, आणि आता काय दुरुस्त करणार ते सांगा. “पण तू पण...” हे त्या भेटीत आणू नका. अपमान दहा जणांसमोर झाला असेल तर माफीही त्याच दहांसमोर हवी, एकांतात मागून भागत नाही. समोरच्याने लगेच हात पुढे केला नाही तर घाई करू नका. त्यांना वेळ लागेल, तो त्यांचा हक्क आहे.

जिथे हा क्रम लावायचाच नाही

मारहाण, लैंगिक अत्याचार, पैशांची अफरातफर यांत “आधी एकट्याने जाऊन समजावा” असं पीडिताला सांगणं ही सगळ्यांत घातक चूक आहे. मत्तय १८ चा उपयोग कुणाचं तोंड बंद करायला होऊ नये. मुलावर लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. पाळक आणि वडीलमंडळीही त्यातून सुटत नाहीत. मुलांसाठी १०९८, तातडीच्या मदतीसाठी ११२. फोन आधी करा, बैठक नंतर घ्या, आणि त्या मुलाला किंवा बाईला आरोपीसमोर बसवून “क्षमा कर” म्हणायला लावू नका.