इंग्लंडातला रविवार आणि रेडिओ ४

चवथीला इंग्लंडहून गोव्यात डिचोलीला घरी आले की ओळखीतली, नात्यातली मुलं भेटायला येतात. कोणी नर्स म्हणून निघालेली असते, कोणी शिकायला, कोणाचा नवरा आधीच तिकडे स्विंडनला जाऊन राहिलेला असतो. प्रश्न ठरलेले. मसाला किती न्यावा, सोलं बॅगेत चालतात का, खोलीचं भाडं किती, जाड कोट पणजीत घ्यावा की तिकडे. उत्तरं मी देतेच. एक प्रश्न मात्र कोणी विचारत नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांना तोच छळतो: रविवार कसा काढायचा?

आपल्याकडे रविवार माणसांनी भरलेला असतो. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पोंगा, मग बाजारातून मासळी, दुपारी हुमण-शीत, झोप, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी नाहीतर देवळात. इंग्लंडमध्ये १९९४च्या कायद्याप्रमाणे मोठी दुकानं रविवारी सहाच तास उघडतात, तीही सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच्या मध्ये. बस कमी धावतात. डिसेंबरात चार वाजता काळोख होतो. आठवडाभर कामाच्या घाईत घर आठवायला सवड नसते. ती सगळी रविवारी एकदम मिळते. नव्या मुलांचे फोन मला येतात ते बहुतेक रविवारीच. त्यांना मी सांगते, रेडिओ ४ लावा आणि दिवसभर चालू ठेवा.

बीबीसी रेडिओ ४ हे सगळ्या देशाचं, बोलण्याचं केंद्र. ३० सप्टेंबर १९६७ला जुन्या ‘होम सर्व्हिस’च्या जागी ते सुरू झालं. गाणी फारशी नाहीत, जाहिराती नाहीत. बातम्या, नाटकं, मुलाखती, शेती, बाग, धर्म, विज्ञान, सगळं बोलून. आकाशवाणी पणजीच्या बातम्या, भाषणं आणि नभोनाट्यं ऐकत वाढलेल्या घरातल्या मुलांना हा बाज परका वाटत नाही. आणि एक नीट लक्षात ठेवा: टीव्ही बघायला तिकडे जो परवाना काढावा लागतो, तो टीव्ही लायसन्स रेडिओसाठी लागत नाही. थेट टीव्ही किंवा बीबीसीचा आयप्लेअर बघणार असाल तरच लागतं. दारात लायसन्सची पत्रं येऊन पडतात, ती वाचून घाबरलेली मुलं मी पाहिली आहेत. रेडिओ खुशाल ऐका. एफएमवर तो बहुतेक ठिकाणी ९२ ते ९५च्या पट्ट्यात सापडतो. मोबाइलवरही लागतो, पण मी म्हणेन चॅरिटीच्या दुकानातून एखादा जुना रेडिओच घ्या. मोबाइलवर ऐकायला बसलात की हात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपकडे वळतो आणि ऐकणं राहून जातं.

रविवार सुरू होतो घंटांनी. पहाटे पावणेसहाच्या सुमाराला ‘बेल्स ऑन संडे’ हा अगदी छोटा कार्यक्रम असतो, दर आठवड्याला वेगळ्या चर्चचा. चर्चची घंटा आपल्याला नवी नाही. पणजीच्या चर्चची मोठी घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठातून आलेली, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. पण इंग्लंडमध्ये घंटा वाजवण्याची रीतच निराळी. प्रत्येक माणसाच्या हातात एका घंटेचा दोर, आणि कोणती घंटा कोणत्या घंटेमागून वाजायची तो क्रम ठरलेल्या हिशेबाने दर फेरीला बदलत जातो. त्यात धून शोधू नका, क्रम कसा फिरतो ते ऐका. बऱ्याच गावांत घंटा वाजवणाऱ्यांना नवी माणसं हवीच असतात, आणि त्यासाठी कोणी तुमचा धर्म विचारत बसत नाही.

सातनंतर ‘संडे’ नावाचा धर्मविषयक बातम्यांचा कार्यक्रम आणि आठनंतर एखाद्या चर्चमधली प्रार्थना. आपण हिंदू, आपल्याला काय करायचंय, असं म्हणून हे टाळू नका. गोव्यात आपण जे ख्रिस्ती पाहिले ते बहुतेक कॅथलिक. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला आपली माणसं तेल वाहतात, तिला शिरगावच्या लइराई देवीची बहीण मानतात, इतकं ते नातं जुनं. त्यामुळे सगळं ख्रिस्तीपण ठाऊक आहे अशी आपली समजूत असते. इंग्लंडचं अधिकृत चर्च कॅथलिक नाही. त्याचा सर्वोच्च प्रमुख पोप नसून राजा आहे, आणि १९९४पासून तिथं बायकाही पाद्री होतात. मेथडिस्ट वेगळे, स्कॉटलंडचं चर्च वेगळं. कामावर बाजूला बसणारी बाई चॅपलला जाते म्हणते तेव्हा ती काय सांगतेय हे कळायला ही दोन-चार रविवारांची ऐकणी पुरतात. ‘संडे’मध्ये हिंदू, शीख, मुसलमान समाजांचेही विषय येतात.

या दोन कार्यक्रमांच्या मध्ये तीन मिनिटांचं एक आवाहन असतं, ‘रेडिओ फोर अपील’. दर आठवड्याला एक धर्मादाय संस्था, तिच्यासाठी बोलणारं एक माणूस, आणि पैसे कुठं पाठवायचे त्याचा पत्ता. अंध मुलं, बेघर लोक, बोटीवरचे खलाशी, कोणीही. मी हे आवर्जून ऐकते. त्या देशात सरकारच्या बाहेर किती माणसं किती प्रकारची कामं करतात याचा अंदाज मला इथूनच आला. उद्या तुमच्यावर किंवा तुमच्या ओळखीच्यावर वेळ आली तर कोणाचं दार ठोठवायचं हे ठाऊक असलेलं बरं.

नऊ वाजता ‘ब्रॉडकास्टिंग हाउस’. ताज्या बातम्या, पाहुण्यांबरोबर रविवारच्या वर्तमानपत्रांची चर्चा. दुपारी एकला पुन्हा बातम्या. राजकारण लगेच कळणार नाही, आणि त्याची घाईही नाही.

या दोन्ही बातम्यांच्या मधल्या दोन कार्यक्रमांना मात्र नीट बसा. पहिला ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’. रॉय प्लमली यांनी तो सुचवला आणि जानेवारी १९४२मध्ये, युद्ध चालू असताना, तो सुरू झाला. पाहुण्याला कल्पनेतल्या निर्जन बेटावर सोडायचं आणि विचारायचं, सोबत कोणती आठ गाणी नेशील? बायबल आणि शेक्सपिअर मिळतातच. बायबल नको असेल तर आपला धर्मग्रंथ घेता येतो. शिवाय आवडीचं एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू. गाण्यांच्या निमित्ताने माणूस आपला जन्म उलगडून सांगतो: गरिबी, आईबाप, अपयश. इंग्रज माणूस स्वतःबद्दल बोलत नाही असं आपण ऐकून जातो. या कार्यक्रमात तो बोलतो. तुमची आठ गाणी कोणती ते कागदावर लिहून ठेवा, कारण कामावर जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघतो. तेव्हा जत्रेत रात्रभर ऐकलेली नाट्यगीतं सांगायला लाजू नका. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातल्या तबकडीवरून अवकाशात गेला, हेही सांगा. ऐकणारा खुर्ची पुढे ओढून बसतो.

दुसरा ‘द आर्चर्स’. १ जानेवारी १९५१पासून देशभर चाललेली ही मालिका. आठवड्याचे सगळे भाग रविवारी सकाळी सलग लावतात. अँब्रिज नावाचं काल्पनिक गाव, त्यातली शेतकरी घरं, दारूचा गुत्ता नव्हे पण गावाची बैठक असलेला एक पब, चर्च, दुकान. युद्धानंतर अन्नाची टंचाई होती, रेशन चालू होतं. शेतकऱ्याला नवी माहिती द्यायची, पण भाषण न वाटता, म्हणून ही गोष्ट रचली गेली. आकाशवाणीवरचे शेतकरी कार्यक्रम ज्यांनी ऐकलेत त्यांना हेतू लगेच कळेल. आज ती शेतीपेक्षा माणसांची गोष्ट आहे: जमिनीची वाटणी, सुनेचं सासूशी न पटणं, दूधधंद्यातला तोटा, म्हाताऱ्या बापाकडे कोण बघणार. आपल्या साळ किंवा मये गावातल्या एखाद्या घरात चालतात तीच भांडणं. गावातली वकील उषा गुप्ता हिंदू, आणि तिचं लग्न झालंय ते गावच्या पाद्र्याशी. पहिले काही आठवडे कोण कोणाचं हे लागणार नाही. लावूही नका. आवाज ओळखीचे होऊ द्या, नाती मागून आपोआप लागतात.

दुपारी जेवण झाल्यावर ‘गार्डनर्स क्वेश्चन टाइम’. नव्या माणसाला सर्वांत उपयोगी हाच, असं माझं ठाम मत आहे. १९४७मध्ये तेव्हाच्या लँकाशरमधल्या अ‍ॅश्टन-अंडर-लाइन गावच्या एका हॉटेलात तो सुरू झाला. तज्ज्ञ गावोगावी जातात, लोक सभागृहात जमतात आणि आपल्या बागेच्या अडचणी विचारतात. गुलाबाच्या पानांवर डाग का पडतात, गोगलगायींचं काय करावं, टोमॅटो का फुटतात. प्रश्न विचारणारे साधे स्थानिक लोक असतात, त्यामुळे दर आठवड्याला वेगळ्या भागाची बोली कानावर पडते. यॉर्कशरची, वेल्सची, स्कॉटलंडची. आपण शाळेत शिकलो ते इंग्रजी आणि वॉर्डातला पेशंट बोलतो ते इंग्रजी यांत जे अंतर आहे ते इथं हळूहळू कमी होतं. आणि विषय आपल्या घरचा. ज्यानं परसात अळू, मिरची, तेंडली लावली आहे त्याला मुळं कुजणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याशी बोलायला हवामानाच्या पुढे एखादं वाक्य हवं असतं, ते इथं मिळतं. माझ्या ओळखीतल्या किती तरी जणांची शेजाऱ्याशी पहिल्या खऱ्या गप्पा एका कोथिंबिरीच्या कुंडीवरून झाल्या.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. सगळं इंग्लंड रेडिओ ४ ऐकत नाही. ऐकणारे बहुतेक वयस्क, शिकलेले, बऱ्या परिस्थितीतले. गोदामात किंवा कारखान्यात तुमच्याबरोबर पाळीवर असलेला मुलगा रविवारी फुटबॉलची कॉमेंट्री ऐकत असेल, त्याला अँब्रिज कुठं आहे ते माहीतही नसेल. त्याला हसू नका, त्याच्याशी फुटबॉलवर बोला. गोव्याच्या माणसाला त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही.

संध्याकाळी सहाच्या बातम्यांआधी, पाच चोपन्नला, ‘शिपिंग फोरकास्ट’. ब्रिटनच्या भोवतालचा समुद्र ३१ भागांत वाटला आहे. वायकिंग, फोर्टीज, डॉगर, फिशर अशी नावं एकामागून एक वाचतात आणि प्रत्येकाचा वारा, पाऊस, दृश्यता सांगतात. १८५९च्या वादळात ‘रॉयल चार्टर’ हे जहाज बुडून शेकडो माणसं गेली. त्यानंतर अ‍ॅडमिरल फिट्झरॉय यांनी वादळाचे इशारे देण्याची व्यवस्था उभी केली, तिथून हे चालत आलं. २००२मध्ये एका भागाला त्यांचंच नाव दिलं. समुद्रकाठच्या बेतुल किंवा वास्कोच्या घरात वाढलेल्या मुलांनी, पावसाळ्यात समुद्रात जाऊ नका असा इशारा रेडिओवर ऐकलेला असतो. त्यांना याचं महत्त्व पटवावं लागत नाही. सव्वासहाला ‘पिक ऑफ द वीक’ लागतो, आठवडाभरातल्या निवडक तुकड्यांचा. रविवारी ड्यूटी असेल आणि एकच कार्यक्रम ऐकता येणार असेल तर हा ऐका. बाकीचे बीबीसी साउंड्स या अ‍ॅपवर मागाहून सापडतात.

ज्यांचं तिकीट अजून निघायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी. बीबीसीच्या संकेतस्थळावर रेडिओ ४ गोव्यातही थेट लागतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत इंग्लंड आपल्या साडेचार तास मागे असतं, बाकी हिवाळाभर साडेपाच. म्हणजे तिकडचं सकाळचं ‘ब्रॉडकास्टिंग हाउस’ इथं हुमण-शीत आटोपताना लागतं आणि बागेचे प्रश्न संध्याकाळी दिवेलागणीच्या आसपास. आधी बागेचेच प्रश्न ऐका. आईला किंवा आजीला जवळ बसवा, प्रश्न मराठीत सांगा आणि तज्ज्ञ बोलायच्या आत तिचं उत्तर घ्या.