नितळ पाण्यात गळासाठी लीडर कसा निवडावा

पावसाळ्यात गढूळ झालेली नाशिकजवळची दारणा आणि गोदावरी नवरात्रानंतर निवळू लागते, आणि दिवाळीच्या सुमारास, धरणातून आवर्तन सुटलेले नसेल तर, कमरेएवढ्या पाण्यातही तळाचा काळा कातळ आणि त्यावरचे शेवाळ काठावरून स्पष्ट दिसते. भाद्रपदात जाड तंगुसावरचे (साध्या नायलॉनच्या दोरावरचे) आमिष बिनदिक्कत उचलणारा रोहू आता त्याच कणकेच्या गोळीपाशी येतो, ओठ लावतो आणि मागे सरतो. अशा वेळी बहुतेक जण आमिष बदलतात. माझ्या मते आधी गळाला बांधलेला शेवटचा वीतभर ते दोन हात दोर, म्हणजे लीडर, तपासावा.

लीडर वेगळा ठेवण्याचे पहिले कारण नितळ पाण्याशी संबंधित नाही. तो रिळावरच्या मुख्य दोरापेक्षा कमी ताकदीचा असला, तर गळ कातळात अडकल्यावर फक्त गळ आणि तेवढाच तुकडा जातो. शिसे, बूच आणि मुख्य दोर परत येतो. मुख्य दोर ०.२५ मिमी असेल तर लीडर ०.२० किंवा त्याहून बारीक असावा. दोन्ही सारखेच असतील तर दोर कोठे तुटेल हे आपल्या हातात राहत नाही, आणि माशाच्या तोंडात गळासोबत काही मीटर तंगूस अडकून राहण्याची शक्यता वाढते.

नितळ पाण्यासाठी दोर घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात सर्वप्रथम ‘न दिसणारा’ दोर दाखवला जातो. हा दोर फ्लोरोकार्बनचा असतो. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.३३, फ्लोरोकार्बनचा सुमारे १.४२ आणि नायलॉनचा १.५३ च्या आसपास असल्यामुळे फ्लोरोकार्बनवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, हे खरे आहे. तथापि कमी दिसणे आणि न दिसणे यांत फरक आहे. पांढऱ्या थाळीत पाणी घालून दोन्ही दोरांचे तुकडे शेजारी शेजारी बुडवून पाहावेत; दोन्ही दिसतात. म्हणूनच मी निवड करताना पहिला प्रश्न दोर कशाचा आहे हा विचारत नाही, किती जाड आहे हा विचारतो.

रोहू आणि मृगळ आमिष चावण्याआधी पाण्यासोबत तोंडात ओढून घेतात. तळाशी सुटे पडलेले कणकेचे कण त्या ओढीबरोबर सहज आत जातात. गळावरची गोळी मात्र दोर जितका वाकेल तितकीच हलते. गोल दोराचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने बदलतो. त्यामुळे त्याच धाग्याचा ०.२० ऐवजी ०.१६ मिमीचा दोर घेतल्यास ताठपणा साधारण चाळीस टक्क्यांवर येतो, तर ताकद, जी छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, सुमारे चौसष्ट टक्के उरते. एक तृतीयांश ताकद देऊन निम्म्याहून अधिक ताठपणा घालवता येतो, हा सौदा नितळ आणि संथ पाण्यात बहुधा फायद्याचा ठरतो.

हा हिशेब जाडीवर चालतो, त्यामुळे पाकिटावरच्या आकड्यावर विसंबून राहू नये. मी एकदा ०.१८ मिमी असे छापलेले रीळ आणले. दोन रविवार रिकाम्या हाताने परतल्यावर मोजून पाहिले, तर तो दोर ०.२२ भरला. नाशिककरांना ही मोजणी अवघड नाही, कारण सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात काम करणारा कोणीतरी प्रत्येकाच्या ओळखीत असतो आणि त्याच्याकडे मायक्रोमीटर असतो. नायलॉन मऊ असल्यामुळे जबडे दाबून आवळू नयेत, रॅचेट (मायक्रोमीटरच्या टोकाची फिरकी) हलक्या हाताने फिरवावे आणि दोन-तीन ठिकाणी माप घ्यावे. मायक्रोमीटर नसेल तर दोर पेन्सिलीवर एकमेकांस चिकटून पन्नास वेढे गुंडाळावा व वेढ्यांची एकूण रुंदी पट्टीने मोजावी. दहा मिलिमीटर भरल्यास दोर ०.२० मिमीचा आहे.

ताकदही घरीच तपासता येते. दोराचा हातभर तुकडा तासभर पाण्यात भिजवावा, कारण नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाल्यावर थोडे कमजोर होते. मग एका टोकाला नेहमीच्या गाठीने गळ बांधून त्याला रिकामी बादली अडकवावी, दुसरे टोक वर पक्के करावे आणि मापाने पाणी ओतत जावे. एक लिटर म्हणजे एक किलो. बादलीचे वजन त्यात मिळवावे. बादली जमिनीपासून चार बोटेच वर ठेवावी, नाहीतर घरात वेगळाच पूर येतो. पाकिटावर पौंडात आकडा असेल तर एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम धरावा. दोर जवळजवळ नेहमी गाठीपाशी तुटतो आणि छापील आकड्यापेक्षा आधी तुटतो. आपल्या उपयोगाचा आकडा तोच.

जाडी ठरल्यावर धाग्याचा प्रकार पाहावा. साधे नायलॉन, म्हणजे आपले तंगूस, मऊ असते, ताण आल्यावर लांबते आणि गाठीला सोसते. माशाने अचानक मुसंडी मारली तर ही लांबण्याची सवयच बारीक दोर वाचवते. मात्र उन्हाने ते खराब होते, म्हणून गाडीच्या काचेपाशी पडून राहिलेले रीळ लीडरसाठी वापरू नये. कारखान्यातच ताणून घेतलेले नायलॉनही मिळते. ते त्याच जाडीत जास्त ताकद देते, पण कमी लांबते आणि त्याला वळकटी पडली की ते तेथेच तुटते. फ्लोरोकार्बन जड असते (त्याची घनता सुमारे १.७८, तर नायलॉनची १.१४), पाणी शोषत नाही, तळाला टेकून राहते आणि खडकावर घासले तरी बराच काळ तग धरते. मात्र त्याच जाडीत ते नायलॉनपेक्षा ताठ असते आणि कोरडी गाठ आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने जागीच दुखावते. विणलेला दोर, म्हणजे ब्रेड, नितळ पाण्यात लीडरसाठी मी टाळतो: तो अपारदर्शक असतो, लांबत नाही आणि आपल्याकडच्या बेसाल्टच्या कडेवर लवकर उसवतो.

यावरून माझी निवड अशी असते. संथ डोहात, अडथळा नसलेल्या तळावर, किलो-दोन किलोच्या रोहू-मृगळासाठी ०.१६ ते ०.१८ मिमीचे मऊ नायलॉन आणि दीड-दोन हात लांबीचा लीडर. तिलापियासाठी ०.१४ पुरते. जेथे पाणी कातळांमधून वाहते तेथे ०.२० ते ०.२२ चे फ्लोरोकार्बन; वाहत्या पाण्यात आमिष तसेही हलत राहते, त्यामुळे ताठपणा तितका नडत नाही, पण घर्षण नडते. मोठा कटला लागण्याची खात्री असेल तर ०.२५ च्या खाली जाऊ नये, मग चार मासे कमी लागले तरी चालतील. आवर्तन सुटून पाणी गढूळ झाले की हा सगळा विचार बाजूला ठेवून जाड तंगूस बांधावे. गळही दोराला साजेसा हवा: बारीक दोरावर जाड तारेचा मोठा गळ बांधला, तर त्याच्या वजनाने आमिष पुन्हा जड होते आणि गाठही नीट बसत नाही.

गाठ बांधताना दोर गळाच्या डोळ्यातून ओवून त्याचे टोक मूळ दोराभोवती पाच वेढे फिरवावे, डोळ्यालगतच्या पहिल्या फासातून परत काढावे, थुंकी लावून ओले करावे आणि सावकाश, एकाच ओढीत बसवावे. वेढे एकमेकांशेजारी ओळीने बसलेले दिसले पाहिजेत. गाठीच्या लगेच वरचा दोर कुरळा झालेला किंवा पांढुरका पडलेला असेल तर ती गाठ कापून पुन्हा बांधावी. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसल्यावर रिळावरून दोर सुटू लागेल हे ठरवणारा ब्रेक, बादलीच्या चाचणीत मिळालेल्या आकड्याच्या एक तृतीयांशावर लावावा; ०.१६ च्या दोराने दोन किलोचा रोहू काठावर येतो तो मनगटाच्या जोराने नव्हे, या ढिलाईमुळे येतो.

प्रत्येक माशानंतर आणि गळ अडकून सुटल्यानंतर लीडर ओठांमधून हळूच ओढून पाहावा. बोटांना न कळणारा खरखरीतपणा ओठांना लगेच कळतो. खरखर लागली तर तुकडा बदलावा. म्हणूनच घरून निघताना दहा-बारा लीडर बांधून, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळून, प्रत्येकावर जाडी लिहून ठेवलेले बरे. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा ठेका असू शकतो, तेथे आधी विचारून घ्यावे. नांदूरमध्यमेश्वर अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नये. काढून टाकलेला लीडर काठावर सोडू नये, कारण नितळ पाण्यात माशाला न दिसावा म्हणून आपण निवडलेला हाच दोर बगळ्याच्या पायालाही दिसत नाही. मी त्याचे बोटभर तुकडे करून आमिषाच्या रिकाम्या डबीत घालतो आणि घरी आणतो.