छायाचित्रणाचा छंद स्वतःसाठी कसा जोपासावा

छायाचित्रणाची आवड निर्माण झाली की बहुतेक जण आधी कॅमेऱ्यांची तुलना करू लागतात. वास्तविक कशाची छायाचित्रे काढायची आहेत हे ठरल्याशिवाय त्या तुलनेला फारसा अर्थ नसतो आणि सुरुवातीला मोबाइलचा कॅमेराही पुरेसा असतो. विषय जवळचा आणि पुन्हा पुन्हा गाठता येईल असा निवडावा. प्रसिद्ध स्थळाचे छायाचित्र असंख्य लोकांनी आधीच काढलेले असते, पण आपल्या घरातल्या माणसांचे रोजचे वावरणे आपण टिपले नाही, तर बहुधा कोणीच टिपणार नाही. फ्रेंच छायाचित्रकार जाक आंरी लार्तिग (जन्म १८९४) लहानपणापासून आपल्या कुटुंबाची छायाचित्रे काढून ती अल्बममध्ये लावत असे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९६३ साली ती मांडली गेली तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. तोवरची कितीतरी वर्षे हा बव्हंशी खासगी आनंदच होता.

विषय ठरल्यावर प्रकाशाकडे पाहण्याची सवय लावावी. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणाच्या जाड थरातून येतात, त्यांतील निळा भाग वाटेतच विखुरतो आणि उरलेला उबदार, तिरपा प्रकाश भिंतीचा खडबडीतपणा किंवा चेहऱ्यावरच्या सुरकुत्या उठावदार करतो. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, म्हणून माणसांसाठी ढगाळ दिवस किंवा खिडकीतून बाजूने येणारा उजेड अधिक चांगला. एकच जागा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी टिपून ती चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर हे सारे वाचण्यापेक्षा लवकर कळते.

तांत्रिक बाजूची भीती बाळगू नये. शटरचा वेग (प्रकाश किती वेळ आत येतो), भिंगाच्या छिद्राचा आकार (किती प्रकाश आत येतो) आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) या तिन्हींपैकी एका वेळी एकच गोष्ट मुद्दाम बदलून परिणाम पाहावा: धावणारे मूल स्थिर टिपायचे तर सेकंदाचा ५०० वा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो, मोठ्या छिद्राने पार्श्वभूमी धूसर होते, आयएसओ वाढवला की चित्रात दाणे दिसू लागतात. एवढे हाताला बसले की पुरे.

खरी मेहनत निवडीत आहे, आणि नेमकी तीच सर्वाधिक टाळली जाते. ३५ मिमी फिल्मच्या रोलमध्ये साधारणपणे ३६ चित्रे येत, त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी विचार करणे भाग पडे. आज ती मर्यादा स्वतःच घालून घ्यावी आणि आठवडाभरात ३६ पेक्षा अधिक चित्रे काढू नयेत. महिन्याच्या शेवटी त्यांतील मोजकी वेगळी काढावीत. निवडताना चित्र नेटके आहे की नाही यापेक्षा ते आपण का काढले हे आठवते का, असे विचारावे. थोडे हललेले पण माणूस ओळखीच्या हावभावासह पकडणारे चित्र मी तरी निर्दोष सूर्यास्तापेक्षा वर ठेवीन. (सूर्यास्त उद्याही होणारच आहे.) अनोळखी व्यक्तीचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, आणि घरच्यांनी नको म्हटले तर तेही मानावे.

निवडलेल्या चित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्य तर वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि काही चित्रे कागदावर छापून घ्यावीत. मागच्या बाजूला तारीख, स्थळ आणि व्यक्तींची नावे लिहावीत, कारण दोन पिढ्यांनंतर ती सांगणारे कोणी उरत नाही. लिहिताना बॉलपेन दाबून वापरू नये, कारण अक्षरांचा उठाव पुढच्या बाजूस उमटतो. मऊ पेन्सिल वापरावी, आणि गुळगुळीत कागदावर ती उठत नसेल तर लगेच वाळणाऱ्या टिकाऊ शाईचे पेन घेऊन कडेला हलक्या हाताने लिहावे.