दुःखात देवाशी बोलायचं कसं

घरात मोठं आजारपण आलं की प्रार्थनेला शब्दच फुटत नाहीत. तेव्हा बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं आहेत. मनातल्या मनात नको, मोठ्याने वाचा. पहिल्या दोन वचनांत देवाला चार वेळा विचारलंय, "कोठवर?" तिथे थांबा आणि आपलं दुखणं नाव घेऊन सांगा. माझ्या भावाचं डायलिसिस चालू असताना मी म्हणायचे, "प्रभू, सुया टोचून टोचून ह्याचा हात काळानिळा पडलाय. कोठवर?" देवाला राग येईल म्हणून शब्द गिळू नका. वधस्तंभावर येशूने केलेला आक्रोश स्तोत्र २२ मधलाच आहे.

पाचव्या वचनात सूर पालटतो, देवाच्या दयेवरचा भरवसा येतो. तो ओठांवर येत नसेल तर जबरदस्ती करू नका, त्या दिवशी स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. मला सगळ्यात जास्त धीर त्यानेच दिला, कारण इतकं कडू बोलणंही देवाने ऐकून घेतलंय.

दुसऱ्याच्या घरी गेलात तर "देवाची इच्छा" म्हणू नका. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले, तोवरच त्याला आधार होता. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे माहीत असूनही येशू रडला. मी त्या प्रेमाला धरून आहे. डबा न्या, भांडी घासून द्या, मुलांचा अभ्यास घ्या. निघताना विचारा, "प्रार्थना करू का?" नको म्हणाले तर पुढच्या आठवड्यात परत जा.