फेलोशिप मंजूर, खातं रिकामं: पीएचडीवाल्यांनो, या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या ठाण्याच्या संशोधन केंद्रातल्या एका विद्यार्थ्याचा उत्पन्नाचा दाखला परत आला. मुलगा खारघरचा. पत्ता लिहिताना 'नवी मुंबई' लिहायची सवय, म्हणून ऑनलाइन अर्जात त्याने जिल्हा ठाणे निवडला. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली मात्र रायगडात, पनवेल तालुक्यात. दुसरा अर्ज करून दाखला हातात येईपर्यंत फेलोशिपची मुदत संपून चार दिवस झाले होते. प्रस्ताव चांगला होता, गाइडचं पत्रही तयार होतं.

मी गेली काही वर्षं विभागातल्या मुलामुलींचे असे अर्ज बघतो. अभ्यासात कमी पडलं म्हणून फेलोशिप हुकलेले थोडे. बाकीचे सगळे दाखल्यात आणि तारखांत अडकलेले. म्हणून सुरुवात दाखल्यांपासूनच करतो.

ऐरोली, कोपरखैरणे, घणसोलीत माथाडी कामगारांची कितीतरी कुटुंबं साताऱ्याच्या पाटण-जावळीकडची. मुलं इथेच जन्मली, इथेच शिकली. उत्पन्नाचा दाखला त्यांना ठाण्यातून मिळतो, जातीचा मात्र बहुतेकदा गावाकडून काढावा लागतो. कारण त्या जातीसाठी ठरलेल्या तारखेला आजोबा-पणजोबा कुठे राहत होते, हे बघतात. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला गावच्या शाळेतून काढण्यापासून काम सुरू होतं. हे काम जाहिरात आल्यावर करायचं नसतं. गणपतीला गावी जाल तेव्हाच उरकून घ्या.

दुसरा घोटाळा केंद्र आणि राज्य यांच्या नमुन्यांचा. राज्याच्या दाखल्यावर 'भटक्या जमाती' लिहिलेलं असतं, नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या अर्जात तो रकानाच नसतो. यातल्या अनेक जाती केंद्राच्या यादीत इतर मागासवर्गात येतात. तिथे केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेअर (प्रगत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र) वेगळं काढावं लागतं. मराठा विद्यार्थ्यांचा एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) दाखला फक्त राज्यापुरता. केंद्राकडे निकषांत बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), आणि ईडब्ल्यूएसला जेआरएफच्या (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) वयात सवलत नाही. नॉन-क्रीमीलेअरसाठी उत्पन्न मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हे ठाऊक नसल्यामुळे 'बाबांचा पगार जास्त आहे, आपलं काही होणार नाही' म्हणत घरी बसलेलेही मी पाहिलेत. पालक सरकारी नोकरीत असतील तर त्यांचं पद बघतात, तो हिशेब वेगळा.

आता 'जेआरएफ' या शब्दाकडे. विभागात हा शब्द दोन अर्थांनी फिरतो आणि त्यातून भलते गैरसमज होतात. नेट देऊन मिळालेली जेआरएफ तुमच्या नावावर असते: दोन वर्षं महिना 37,000 रुपये, पुढे एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलोशिप) म्हणून 42,000, एकूण जास्तीत जास्त पाच वर्षं, शिवाय घरभाडे भत्ता (हॉस्टेलची खोली मिळाली तर नाही). प्रोजेक्टमधला जेआरएफ मात्र सरांच्या प्रोजेक्टचा माणूस. प्रोजेक्ट संपला की पगार संपला, मग तुमचा प्रबंध तिसऱ्या प्रकरणात असो की शेवटच्या. घेऊ नका असं मी म्हणत नाही, विज्ञान शाखेत कित्येकांची पीएचडी त्याच्यावरच उभी राहते. पण रुजू होण्याआधी प्रोजेक्टची शेवटची तारीख विचारा आणि त्यातलं काम प्रबंधाला चालेल का, तेही विचारा. सरांना विचारायला लाज कसली?

नेटच्या जेआरएफला वयाची अट 30. महिलांना आणि राखीव प्रवर्गांना (ईडब्ल्यूएस सोडून) पाच वर्षांची सवलत. जेआरएफचं पत्र मिळाल्यापासून तीन वर्षांत पीएचडीला प्रवेश घेऊन ती सुरू करावी लागते. आणि जून 2024 पासून नेटच्या निकालात 'फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र' असाही एक गट असतो. त्यात नाव आलं म्हणून पेढे वाटा, पण त्यातून पैसे मिळत नाहीत.

नेटची जेआरएफ नसेल तर सगळं संपलं, ही बहुधा सर्वांत महागात पडणारी समजूत. राज्य सरकारच्या संस्थाही फेलोशिप देतात: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्ग आणि विमुक्त-भटक्यांसाठी महाज्योती, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी टीआरटीआय. सामाजिक शास्त्रांसाठी आयसीएसएसआर ही केंद्राची संशोधन परिषद महिना 20,000 रुपये देते, आणि तिचं पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातच आहे. आईवडिलांची एकुलती एक मुलगी असाल तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) सावित्रीबाई जोतीराव फुले फेलोशिप आहे. तिला उत्पन्नाची अट नाही, दर जेआरएफचेच, आणि जुळ्या बहिणीही चालतात. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप मात्र 2022 च्या डिसेंबरात बंद झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. जुन्या यादीवरून तिची तयारी करू नका.

या अर्जांत हमखास होणारी चूक म्हणजे फी भरल्याची पावती जोडणं. त्यांना नोंदणीचं पत्र हवं असतं, त्यावरच्या तारखेसकट. प्रवेश मिळणं वेगळं, विषय मंजूर होऊन नोंदणी पक्की होणं वेगळं, आणि या दोहोंत महिने जातात. पत्र येताच त्याच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा.

नोकरीचा प्रश्न नाजूक आहे. फेलोशिप पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच मिळते. कॉलेजात तासिका तत्त्वावर चार लेक्चरं घेता, ती 'नोकरी थोडीच आहे' म्हणून लपवू नका. मानधन बँकेतून येतं, ते उघड झालं की दिलेली रक्कम परत मागतात. एका वेळी दोन फेलोशिप घेतल्या तरी तेच. उलट बाजूने, निवड यादीत नाव दिसताच राजीनामाही टाकू नका. पहिला हप्ता यायला किती महिने लागतील याची खात्री कुणीच देणार नाही. सहा महिन्यांचं भाडं आणि रेल्वेचा पास निघेल एवढी शिल्लक आधी बाजूला काढा.

बँकेची गोष्ट माझी स्वतःचीच. विद्यार्थी असताना एका योजनेचे पैसे 'जमा झाले' असं पोर्टल सांगत होतं आणि माझं पासबुक कोरं. दोन महिने विद्यापीठाला दोष देत हिंडलो. शेवटी आईने विचारलं, "अरे, गॅसची सबसिडी तुझ्या नावावर यायची, ते कळव्याचं खातं आहे का अजून?" पैसे तिथेच होते. आधारमार्फत येणारी रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असं नाही. सर्वांत अलीकडे ज्या खात्याला आधार जोडला, त्यात जाते. तो कुठल्या बँकेला जोडलाय हे आधारच्या संकेतस्थळावर दोन मिनिटांत कळतं.

पैसे सुरू झाल्यावर गाफील राहू नका. यूजीसीच्या फेलोशिपसाठी विद्यापीठाला दर महिन्याला पोर्टलवर तुमची हजेरी कळवावी लागते: एक कर्मचारी भरतो, दुसरा मंजूर करतो. दोघांपैकी एक रजेवर गेला की तुमचा महिना लटकला. महिनाअखेरीस त्यांच्या टेबलापाशी एक चक्कर टाका, नावाने ओळख ठेवा, आवाज चढवू नका. त्यांच्या हाताखाली अशी शंभर नावं असतात. एसआरएफ आपोआप होत नाही. दोन वर्षं भरत आली की गाइड, विभागप्रमुख आणि बाहेरचा तज्ज्ञ अशी समिती बसवावी लागते, आणि ती बसवायची आठवण तुम्हालाच करायची असते.

राहिला आकस्मिक खर्च, म्हणजे प्रिंटसारख्या किरकोळ खर्चासाठी वेगळी मिळणारी रक्कम. यूजीसीच्या जेआरएफमध्ये मानव्य शाखांना पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000, पुढे 20,500; विज्ञानाला 12,000 आणि 25,000. यात फर्निचर बसत नाही, परीक्षेची फीही नाही. बिल तुमच्या नावावर आणि त्याच आर्थिक वर्षातलं हवं. स्टेशनजवळच्या दुकानातून प्रिंट काढता तेव्हा मिळणारी ती गुळगुळीत कागदाची पावती मार्चपर्यंत पांढरी पडते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी, त्याच दुकानात काढून घ्या.