घरी शिकणाऱ्या मुलाला एकट्याने अभ्यासाची सवय लावताना

घरीच शिकणारे मूल दर गणिताला ‘आई, हे बरोबर आहे का?’ असे विचारायला उठते आणि मुंबईच्या वन रूम किचनमध्ये तर त्याला चार पावलेही चालावी लागत नाहीत.

१. वहीच्या शेवटच्या पानावर ‘अडलेले प्रश्न’ असा मथळा द्यावा. अडल्यास उठून न येता, नेमके कुठे अडले ते तेथे एका ओळीत लिहून पुढचे गणित घ्यावे, असे मुलाला सांगावे. नुसते ‘समजत नाही’ चालवून घेऊ नये. ‘हातचा कुठे मिळवायचा?’ असे नेमके लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तर त्याचे त्यालाच सापडते.

२. आरंभी १० मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजेपर्यंत आपण, शेजारी बसलो असलो तरी, बोलू नये (हे मुलापेक्षा आपल्यालाच जड जाते). मग दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवावीत.

३. बालभारतीच्या पुस्तकात उत्तरसूची असेल तेथे तपासणीही मुलाकडेच सोपवावी.

मात्र ही पद्धत शिकवून झालेल्या भागाच्या सरावापुरतीच वापरावी. नवा धडा शेजारी बसूनच शिकवावा.